दुसऱ्या रकान्यातली सही

मी एका बाईची सही केली होती, हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, ज्या साहेबांनी समोर बसवून विचारलं त्यांना तर नाहीच. पूर्ण सही नव्हती. दोनच अक्षरं, श. ह., आणि खाली एक छोटी रेघ. लिहायला दोन सेकंद लागले असतील. ती अक्षरं ज्यांची, त्या शकुंतला हंगरगे सिस्टरांविषयी मी लिहायला बसलो आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं. नाहीतर पुढचं सगळं कौतुकाचं होईल आणि वाचणाऱ्याला वाटेल, माणूस मोठा कृतज्ञ दिसतोय.

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला लागलो तिथल्या मेडिसिन वॉर्डाच्या त्या इन्चार्ज होत्या. हृदयाचे आणि साखरेचे रुग्ण तिकडेच असायचे. पुरुष नर्सला आमच्याकडं ब्रदर म्हणतात. वॉर्डात ब्रदर मी एकटाच, त्यामुळे माझं नाव कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी नायगावचा, परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेला, औषधांच्या वह्या तोंडपाठ. पहिल्याच दिवशी त्यांनी हृदयाच्या गोळीविषयी विचारलं, डिगॉक्सिन द्यायच्या आधी काय करतोस? मी धडाधडा सांगितलं: नाडी मोजतो, साठाच्या खाली असली तर गोळी थांबवतो, डॉक्टरांना कळवतो.

"किती वेळ मोजतोस?"

पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतो, असं मी म्हणालो.

"म्हंजे पंचेचाळीस सेकंद तू अंदाजानं सांगून राहिलास."

त्या स्वतः पूर्ण एक मिनिट मोजायच्या. एक बोट कमी नाही, एक सेकंद कमी नाही. आणि मोजायच्या कानडीत. त्या उदगीरच्या, आईचं माहेर पलीकडं बिदरच्या बाजूला. ओठ मिटलेले, पण घशात ओंदु, यरडु, मूरु चाललेलं असायचं. मी एकदा कारण विचारलं. वॉर्डात कुणी ना कुणी मराठीत आकडे बोलतच असतं, खाट नंबर बारा, बस साडेपाचची; ते आपल्या मोजण्यात घुसतात, म्हणून कानडी. नांदेडात कानडीत आकडे कोण बोलणार?

त्यांचा भरोसा कशावरच नव्हता. डॉक्टरांच्या अक्षरावर नाही, औषधाच्या कपाटावर नाही, वॉर्डातल्या घड्याळावर नाही, रुग्णाच्या "हाव, घेतली गोळी" यावर तर बिलकूल नाही. औषधाची बाटली कपाटातून काढताना त्या लेबल वाचायच्या, औषध काढताना वाचायच्या, परत ठेवताना तिसऱ्यांदा वाचायच्या. ठेवताना कशाला, आता काय उपयोग, असं मी बोललो होतो. "पहिल्या खेपेला आपल्याला जे पाहिजे तेच दिसतंय, ब्रदर. दुसऱ्या खेपेला जे लिव्हलंय ते दिसतंय. तिसरी खेप आपली गफलत धरायला."

इन्सुलिनच्या बाबतीत त्यांचे दोन कायदे होते. एक, रुग्णासमोर ताट आलेलं डोळ्यांनी दिसल्याबिगर सुई नाही. जेवण येतंय, जिन्यात आहे, गाडी निघाली, असलं काही चालायचं नाही. सुई आधी दिली आणि जेवण राहिलं तर साखर कुठपर्यंत उतरेल ते कुणी सांगावं. दुसरा कायदा, एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं सिरिंज उजेडाकडं धरून खूण मोठ्यानं वाचायची. मग दोघांनी सही करायची, काढणाऱ्यानं पहिल्या रकान्यात, वाचणाऱ्यानं दुसऱ्या. हा दुसरा रकाना छापील कागदावर नव्हता. त्यांनी पट्टीनं आखलेला होता.

फ्रिजवर त्यांचा खास राग. आमच्याकडं वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा, शिवाय त्या फ्रिजमध्ये डॉक्टर मंडळींच्या थंड पाण्याच्या बाटल्या. तो सारखा उघडायचा. म्हणून सिस्टरांनी स्टोअरच्या कोपऱ्यात एक माठ ठेवला होता. त्यात ओली वाळू, वाळूवर दुसरं लहान मडकं, आणि मडक्यात कापडात गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या. वर ओलं फडकं. उन्हाळ्यात दिवसातून चारदा त्या वाळूवर पाणी शिंपडायच्या. झालं, वॉर्डात कुजबुज सुरू. फ्रिज असताना बाई औषध कोपऱ्यात का लपवते? वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, रात्री किती असतात आणि सकाळी किती, कुणी बघितलंय? मी पण त्या कुजबुजीत होतो. तसं काही नाही हे मला माहीत होतं, कारण माठाच्या बाटल्या मीच काढायचो आणि ठेवायचो. पण संशय घेणाऱ्या बाईवर संशय घेण्यात एक मजा असते. आम्ही ती घेत होतो.

मुखेडकडचा एक म्हातारा आमच्याकडं होता, हृदयाचा. दुपारी दहीभात आला की ओरडायचा, दह्यात हळद कुणी घातली? दही पांढरंशुभ्र. सून म्हणाली, मामंजी, दही चांगलं हाय. म्हातारा म्हणाला, तुझ्या लुगड्यावर पण हळद सांडलीय. सगळा वॉर्ड हसला. नातेवाइकांना वाटलं स्वयंपाकघरात काही घोटाळा आहे. डॉक्टरांना वाटलं वय झालं. हंगरगे सिस्टर हसल्या नाहीत. येऊन खाटेवर बसल्या, मनगट धरलं, पूर्ण मिनिटभर कानडी चाललं. अठ्ठेचाळीस. मग त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, दिव्याभोवती काय दिसतंय?" पिवळं कडं दिसतंय, म्हणाला.

डिगॉक्सिन जास्त झाली की नाडी मंदावते आणि नजर पिवळी होते. त्या दिवशीची गोळी त्यांनी थांबवली आणि म्हाताऱ्याची पिशवी मागितली. सून द्यायला तयार नव्हती. आमच्यावर चोरीचा आळ घेता का, म्हणाली. "आळ न्हाई बाई, शक हाय. शक औषधावर हाय." पिशवीत, धोतराच्या घडीत, दुसऱ्या कंपनीची डिगॉक्सिनची पट्टी निघाली. गावच्या खाजगी डॉक्टरानं दिलेली, नाव वेगळं, औषध तेच. म्हातारा दोन्ही इमानानं घेत होता. आठवड्यात पाच दिवस गोळी आणि दोन दिवस सुट्टी अशी तेव्हा पद्धत होती. त्याला सुट्टीच्या दिवशी वाटायचं की दवाखान्यावाले विसरले, म्हणून त्या दिवशी घरच्या दोन घ्यायचा. डॉक्टर आधी चिडले, माझी ऑर्डर न विचारता थांबवलीच कशी म्हणून. मग पट्टी बघून त्यांनी स्वतःच गोळी बंद लिहिली. तीन दिवसांनी म्हाताऱ्यानं जाहीर केलं, आज दही पांढरं दिसतंय, आचारी बदलला वाटतं.

आणखी एक आठवण, औशाकडच्या एका आजीची. रक्तदाबाची गोळी रोज तोंडात घालायची, पाणी प्यायची, तरी दाब उतरेना. डॉक्टर डोस वाढवायला निघाले. सिस्टर म्हणाल्या, थांबा. आजीला जीभ वर करायला लावली, तिथं काही नाही. गालात काही नाही. मग त्यांनी आजीच्या पदराची गाठ सोडली. आत ओल्या, अर्धवट विरघळलेल्या सहा गोळ्या. आजी शरमली नाही. म्हणाली, "जावंला बी बीपी हाय. तिला कोण आणून देतंय?" सिस्टरांनी त्या गोळ्या फेकल्या, आजीला चांगलं झापलं, आणि जावेलाही दवाखान्यात आणायला लावलं. पण त्या दिवसापासून औषध देताना त्या प्रत्येक बाईचा पदर आणि प्रत्येक बुवाची टोपी तपासू लागल्या. लोक वैतागायचे. एक मास्तरीण तर म्हणाली, सिस्टर, तुम्ही पोलिसात पाहिजे होतात. त्यावर त्या म्हणाल्या, पोलीस गुन्हा झाल्यावर येतोय, आपल्याला आधी यायचंय.

अशा बाईच्या हाताखाली माणूस एक तर शिकतो, नाहीतर कान बंद करतो. मी दोन्ही केलं. दिवसाला चाळीस गोष्टींवर संशय घेणाऱ्या माणसाचा एकेचाळिसावा संशय ऐकू येत नाही.

मग भूकंप झाला.

आम्हा दोघांना नांदेडहून लातूरला पाठवलं. दवाखान्याच्या आवारात पत्र्याची शेड ठोकून तिथं वॉर्ड केला होता. त्या दिवसांविषयी बरंच लिहून झालं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला बोलायचंय ते खोक्यांविषयी. मदतीची औषधं चारी बाजूंनी येत होती, देशातून, परदेशातून. खोकी फोडायला माणसं कमी आणि लेबलांवरची भाषा कुणाला कळेना. हंगरगे सिस्टर जमिनीवर बसून एकेक बाटली डोळ्यांजवळ नेऊन वाचायच्या. देणाऱ्याचं मन चांगलं असंल, बाटलीचं कुणी सांगावं, असं त्यांचं चाललेलं. इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या निघाल्या. त्यांनी त्या दोन मडक्यांत वाटल्या. दुसऱ्या मडक्यातल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात लाल दोरा बांधला आणि आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, ही बाटली शंभरची हाय. आपली चाळीसची. आपल्या सिरिंजवरच्या खुणा चाळीसच्या बाटलीच्या. शंभरची सिरिंज आली न्हाई तवर लाल दोऱ्याला कुणी हात लावायचा न्हाई.

मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या डोक्यात पाठांतर पक्कं होतं: वीस युनिट म्हणजे सिरिंजवर वीसची खूण. शंभरची बाटली म्हणजे मोठी बाटली असेल. लाल दोरा म्हणजे सिस्टरांचा आणखी एक संशय.

शेडमध्ये एक गुरुजी होते, औशाकडच्याच एका गावचे, निवृत्त. पाय चेपलेला, बायको घराखाली गेलेली. साखरही होती आणि हृदयासाठी अ‍ॅटेनोलॉलही चालू होतं. शांत माणूस. सकाळ-संध्याकाळ वीस युनिट इन्सुलिन. त्या दिवशी सकाळी सिस्टरांनी मला चार नातेवाइकांसमोर एका पेशंटची नाडी दुसऱ्यांदा मोजायला लावली होती, मोठ्यानं. माझं पहिलं मोजणं बरोबर निघालं. तरी त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या खाटेकडं गेल्या. मला ते लागलं. अर्ध्या तासानं ताटं आली. सिस्टर फाटकाशी गेलेल्या, एक ट्रक आला होता. गुरुजींसमोर खिचडी निवत होती. चाळीसच्या मडक्यात हात घातला तर एकच बाटली, तळाला दोन थेंब. दुसरं मडकं शेजारीच होतं.

मी लाल दोऱ्याची बाटली काढली. वीसच्या खुणेपर्यंत भरलं. वाचायला कुणी नव्हतं. अर्धा तास थांबायचं म्हणजे पुन्हा बोलणी. गुरुजींना सुई दिली, पहिल्या रकान्यात माझी सही केली आणि दुसऱ्यात श. ह. लिहून खाली रेघ मारली. ती रेघ त्या उजवीकडून डावीकडं मारायच्या. मी पण तशीच मारली.

शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या अडीचपट तीव्र असतं. वीसच्या जागी पन्नास युनिट गेलं होतं.

गुरुजींनी अर्धीच खिचडी खाल्ली. मी दोनदा त्यांच्या खाटेवरून गेलो. त्यांचा हात थरथरत नव्हता, छाती धडधडत नव्हती. अ‍ॅटेनोलॉल चालू असलेल्या माणसात साखर उतरली तरी ही लक्षणं दडून बसतात, एक घाम तेवढा राहतो. हे मला पाठ होतं, त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. पण पत्र्याखाली सगळेच घामेजलेले. त्यातला एक घाम वेगळा आहे हे मला कुठून दिसणार? अकराच्या सुमारास सिस्टर आल्या. त्यांची सवय होती, इन्सुलिन दिलेल्या प्रत्येकाच्या मानेला मागून हात लावायचा. गुरुजींच्या मानेला हात लावला आणि तिथंच थांबल्या.

"गरमीचा घाम गरम असतोय. ह्यो थंड हाय. ब्रदर, ग्लुकोज काढ, पंचवीस टक्क्याचं. पळ."

मी पळालो. डॉक्टरची वाट न बघता त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. गुरुजी शुद्धीवर आले. पण पहिल्यासारखे आले नाहीत. मुलाला भावाच्या नावानं हाक मारायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना पाढे शिकवले, तो सातच्या पाढ्यात तिसऱ्या आकड्याला अडकून रडायचा. मुलानं तक्रार केली. त्याचं काय चुकलं?

ट्रेवरची लाल दोऱ्याची बाटली सिस्टरांनीच पाहिली आणि त्यांनीच वर कळवलं. लपवायला पाहिजे होतं असं आम्हा काहींचं मत होतं, माझं तर होतंच.

चौकशी झाली. टेबलामागे तीन साहेब, अलीकडं आम्ही दोघं. मला विचारलं, औषध कुणी काढलं? मी काढलं, म्हणालो. बाटली कुठली? ट्रेवर होती, मी म्हणालो. सिस्टरांनी खूण वाचली का? मी म्हणालो, हो, वाचली, म्हणूनच दिलं. हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून बोललो. साहेबांनी सह्यांचा कागद सिस्टरांसमोर सरकवला. त्यांनी तो तीनदा वाचला, त्यांच्या पद्धतीनं. तिसऱ्यांदा वाचताना बोट त्या दोन अक्षरांवर होतं. भूकंपानंतर शेडमध्ये त्यांनी चार दिवसांत मिळून दोन-तीन तास झोप घेतली असेल, आणि सह्या शेकड्यांनी केल्या होत्या.

"सही माझ्यासारखी हाय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी विचारलं, म्हणजे तुमची आहे की नाही?

"मला वाचल्याचं याद न्हाई, साहेब. पण ब्रदर म्हणतोय तर वाचलं असंल. त्याला खोटं बोलायचं काय कारण?"

जगातल्या कुठल्याच गोष्टीवर ज्यांनी भरोसा ठेवला नाही, त्यांनी तो एकदाच ठेवला.

मला समज देऊन सोडलं. इन्सुलिनचा ताबा आणि वॉर्डाची जबाबदारी त्यांची, म्हणून त्यांचं इन्चार्जपद गेलं आणि मुखेडकडच्या एका लहान दवाखान्यात बदली झाली. निघताना त्या माझ्याशी नीट बोलल्या. माझ्यामुळं तुझ्या नावाला डाग लागला रे, असं म्हणाल्या. मला वाटलं टोमणा आहे. पुढं कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की त्यांना माहीत आहे. आता गंमत अशी झाली की संशय घ्यायचं काम माझ्याकडं आलं. माझ्या लग्नाला त्या नायगावला आल्या आणि मला घड्याळ दिलं. "सेकंदकाटा हाय, बघून घेतलंय." मी रात्रभर त्या वाक्याचा कीस काढला. दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, त्यात प्रकृती जपा एवढंच असायचं. मी ते उजेडाकडं धरून वाचायचो. ओळींच्या मधे काही आहे का ते बघायचो. काही नसायचं.

मुखेडहून एक सिस्टर बदलून आमच्याकडं नांदेडला आली. तिनं हसत हसत सांगितलं, तुमच्या हंगरगे बाई वेड्या झाल्यात. गोळी देतात, चार खाटा पुढं जातात, परत येऊन पेशंटला विचारतात, मी दिली का गोळी? पेशंट हो म्हणाला तरी पट्टीतल्या गोळ्या मोजतात. मोजून झाल्या की पुन्हा मोजतात. एका टवाळानं मुद्दाम नाही दिली म्हणून सांगितलं तर बिचाऱ्या घामाघूम झाल्या. ती नक्कल छान करायची. सगळे हसले. मीही हसलो.

घरी जाऊन मला जेवण गेलं नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी जेवलो. एक गोष्ट नीट लक्षात आली ती फार उशिरा: त्यांचा सगळ्या जगावरचा संशय कमी झाला होता. तो सगळा गोळा होऊन एकाच जागी गेला होता, त्यांच्या स्वतःच्या हातावर. आणि त्या हातानं काहीही केलेलं नव्हतं.

पुढं त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि उदगीरला भावाकडं राहायला गेल्या. मी नोकरी सोडून लातूरला आलो. तेव्हा लातुरात एकेका गल्लीत चार चार क्लास निघत होते, गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती. डॉक्टर-इंजिनिअरचे क्लास पुष्कळ, नर्सिंगचं कुणी करत नव्हतं. मी केलं. औषधशास्त्र माझा विषय. हृदय आणि साखर हे माझं नावाजलेलं प्रकरण. खरं सांगायचं तर त्यात माझं काही नव्हतं. ताट दिसल्याशिवाय सुई नाही, गरमीचा घाम गरम, तीन खेपांचं वाचन, सगळं सिस्टरांचं. मी ते चौकटीत टाकून छापलं. पोरं पाठ करायची, परीक्षेत गुण मिळायचे. पोरं म्हणायची, सर, तुमचे वन-लायनर भारी. मी मान हलवायचो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगायचो. चाळीस आणि शंभरची गोष्ट. एक फार अनुभवी सिस्टर होती, असं सुरू करायचो, सगळ्यांवर संशय घ्यायची, पण भूकंपाच्या दिवसांत तिनं खूण न वाचता सही केली. तो धडा कुणी विसरत नसे. पहिल्या वर्षी ती गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळली होती. चौथ्या-पाचव्या वर्षी अडखळायचं थांबलं. पुढं तर मला ती दिसायला लागली, उजेडाकडं न बघता घाईघाईनं सही करताना. माणूस स्वतःचं खोटं इतकं नीट बघू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

एके दिवशी सकाळी त्या माझ्या ऑफिसच्या दारात उभ्या. केस पांढरे, चष्मा जाड, बाकी तशाच. सोबत भावाची नात, बारावी झालेली, तिला नर्सिंगला घालायचं होतं. मी उठून उभा राहिलो. त्या बसायच्या आधी भिंतीवरचे फोटो बघत राहिल्या, यशस्वी मुलामुलींचे. मग म्हणाल्या, "सर, ही चष्म्याची पोरगी तुमची का? हिचा फोटो मघाशी चौकातल्या दुसऱ्या क्लासच्या बोर्डावर बी बघितला." नात लाजली. मी हसलो आणि आमच्याकडं तिनं शेवटचे दोन महिने केले वगैरे सांगितलं. पण माझ्या कानात राहिलं ते सर. मला त्यांनी कधी सर म्हटलं नव्हतं.

नातीला एक तास बसून बघायचं होतं. त्याही तिच्याबरोबर शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी धडा नेमका इन्सुलिनचा होता. मी ती गोष्ट टाळणार होतो. पण पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, ती भूकंपातल्या सिस्टरची गोष्ट सांगा ना, मागच्या बॅचच्या पोरी म्हणत होत्या. आणि मी सांगितली. थोडी मऊ करून, पण सांगितली. शेवटच्या बाकाकडं बघितलं नाही.

तास संपल्यावर मुली बाहेर गेल्या. सिस्टर नातीचा हात धरून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी आता. त्यांनी नातीला सांगितलं,

"ती सिस्टर म्हंजे मी. नीट ऐकून ठेव. एवढं सगळं बघणारी मी, पण माझ्या हातून बी झालं." आणि मग माझ्याकडं वळून, "नाव घेतलं न्हाई तुम्ही. लई बरं केलं, सर."

नात माझ्याकडं बघत होती. मी काय बोललो? मी म्हणालो, सिस्टर, चहा घ्या.

त्या क्षणी मला कळलं की त्यांना काहीच माहीत नव्हतं. टोमणा कधीच नव्हता. घड्याळ हे नुसतं घड्याळ होतं.

त्या दोघींना बसस्थानकावर सोडायला मी गेलो. उदगीरची बस लागलेली होती, पाटी लावलेली. त्यांनी पाटी वाचली, वाहकाला विचारलं, आत बसलेल्या एका बाईला विचारलं, मग चढल्या. मी खाली उभा. बस निघायच्या बेतात असताना त्या आतून खिडकीशी आल्या आणि शेजारच्या नातीला विचारलं, "मी इचारलं का गं, उदगीरचीच हाय ना?" नात म्हणाली, विचारलंत आजी, दोघांना. "बघ, याद न्हाई," त्या म्हणाल्या, आणि आपल्या उजव्या हाताकडं, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं, बघत राहिल्या. बस वळली.

त्या नातीनं नंतर प्रवेश घेतला, चांगली नर्स झाली, आता नांदेडला आहे. ती गोष्ट मी तेव्हापासून वर्गात सांगत नाही. पण न सांगणं म्हणजे खरं सांगणं नव्हे. गुरुजी वारले असं कानावर आलं. त्यांच्या मुलाला मी शोधलेलं नाही.

हंगरगे सिस्टर उदगीरला आहेत, थकल्यात, पण चालत्या-बोलत्या आहेत. हे लिखाण छापून त्यांच्या हातात पडायच्या आधी मी तिथं जाऊन त्यांच्यासमोर बसलं पाहिजे आणि सांगितलं पाहिजे की त्या सकाळी तुम्ही फाटकाशी होतात, तुम्ही काही वाचलं नाही, काही विसरला नाहीत, सही मी केली होती. ज्या कचेरीत चौकशी झाली तिथं हेच लेखी द्यायचं आहे, आणि गुरुजींच्या मुलाला तोंडी. तिन्ही अजून बाकी आहेत.